ओटी कोणत्या खांद्यावर

यंदा कपाशी दसऱ्यालाच फुटली. देवळीच्या रस्त्यानं सकाळी निघालं की दोन्ही अंगांना पांढरं दिसतं आणि मधूनमधून तुरीचे उंच हिरवे तास, म्हणजे ओळी. मी खुंटीवरचा सदरा काढला. नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा. वेचायला जाताना आम्ही सगळ्या बाया साडीवर असा पुरुषाचा सदरा घालतो, नाहीतर वाळलेल्या बोंडांची टोकं हात ओरबाडून काढतात. सदऱ्याच्या खिशात बोट घातलं तर गेल्या वर्षीची एक सरकी हाताला लागली. धुण्यातूनही राहिली होती. ती पेरली तर अजून उगवेल का, असं उगाच मनात आलं. मी ती परत खिशात ठेवली.

माझ्या मनात असे प्रश्न फार येतात. लहानपणापासून. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण वर्गात कधी एक प्रश्न विचारला नाही. गुरुजी विचारायचे, "समजलं का?" सगळी पोरं "हो" म्हणायची आणि मी त्यांच्या "हो"मध्ये माझं तोंड हलवायची. आत मात्र चालूच असायचं. पाऊस पडल्यावर मातीला वास कुठून येतो, बैल झोपेत काय चावतो, कापूस आधी की सरकी आधी. माझं नाव बेबी. पन्नाशीला आलेली बाई आणि नाव बेबी, यावर हसणारेही आता थकले. पण स्वभाव नावासारखाच राहिला. चार माणसांत बोलणं जमत नाही. म्हणून लिहून ठेवते.

कापूस वेचायची एक रीत आहे, ती आधी सांगते. वेचलेला कापूस टाकायला पोटाशी जुन्या साडीची झोळी बांधतात. तिला आम्ही ओटी म्हणतो. दोन टोकं कमरेमागे जातात आणि वरचं टोक छातीवरून एका खांद्याकडे जाऊन पाठीवर बांधलेलं असतं. कोणी डावा खांदा घेते, कोणी उजवा. एकदा सवय पडली की ती बदलत नाही. कोणी डाव्या हातानं जेवतं, तसंच हे. लांबून, धुक्यात, चेहरा दिसत नसला तरी ओटीच्या खांद्यावरून आणि चालीवरून मी सांगू शकते की तिसऱ्या तासात कोण आहे.

मी डाव्या खांद्याची. सकाळी दवानं ओटी ओली होते, दुपारपर्यंत भरून जड होते आणि तिचा पट्टा दिवसभर छातीच्या त्याच जागेवर घासत राहतो. सात हंगामांपूर्वी त्याच जागी मला हाताला काहीतरी लागलं. कोवळ्या बोंडाएवढं, घट्ट. मला वाटलं, पट्टा काचला. दुसऱ्या दिवशी मी ओटी उजव्या खांद्यावर घेतली. एवढाच इलाज केला मी. सगळा हंगाम उजव्या खांद्यानं वेचला, पहिला वेचा, दुसरा, तिसरा. ते दुखत नव्हतं. दुखलं असतं तर कोणाला सांगितलं असतं. जे दुखत नाही त्यासाठी वेचणीचा दिवस बुडवून दवाखान्यात जायचं कसं, आणि तिथे जाऊन म्हणायचं काय? उन्हाळ्यात गेले तेव्हा ते लिंबाएवढं झालं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात माझी डावी बाजू पूर्ण काढली.

त्या दवाखान्यातच मी माझ्या आयुष्यातला पहिला प्रश्न मोठ्यानं विचारला. टाके काढायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या. मी खाली बघत विचारलं, "काढलेलं कुठं टाकता?"

त्या थांबल्या. मला वाटलं, रागावल्या. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. म्हणाल्या, "टाकत नाही लगेच. त्याच्या अगदी पातळ चकत्या करतात आणि काचेवर ठेवून तपासतात. तुम्हाला बघायचंय?"

मी हो म्हणाले ते मलाच ऐकू आलं नाही, पण त्यांना आलं. दोन दिवसांनी त्या मला एका खोलीत घेऊन गेल्या आणि यंत्राच्या नळीला डोळा लावायला सांगितला. आत सगळं जांभळं-गुलाबी होतं, छापील लुगड्यासारखं. एका बाजूला ठिपके रांगेत होते, मध्ये जागा सोडून. दुसऱ्या बाजूला नुसती गर्दी, एकावर एक. मला समजावून सांगावं लागलं नाही. एक निंदलेलं, तण काढलेलं वावर होतं आणि एक न निंदलेलं. मी खूप वेळ बघितलं. भीती वाटायला पाहिजे होती, पण मला एवढंच वाटत होतं की हे माझं आहे आणि मी ते बघते आहे.

बरी होऊन घरी आले. पुढच्या हंगामाला सदरा कामी आला. मोठा, ढगळा, त्यात एक बाजू सपाट आहे हे दिसत नाही. पोलक्यात मी सरकी काढलेला कापूस कापडात शिवून भरला. तो इतका हलका की दुपारपर्यंत गळ्याशी यायचा. मग त्यात मूठभर ज्वारी घातली, तेव्हा जागेवर बसला. बाया माझ्याकडे बघायच्या आणि मी बघितलं की नजर कपाशीवर न्यायच्या. पाहायचं सगळ्यांना होतं. विचारायचं कोणालाच नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "बेबीताई, तुमच्या गावात बायांना सांगा. आम्ही सांगतो ते त्या ऐकतात आणि विसरतात." मी गावच्या समाजमंदिरात एकदा उभी राहिले. बाया जमल्या होत्या. "मी," एवढं म्हटलं आणि पुढे काही आलं नाही. पुन्हा "मी" म्हटलं. मग खाली बसले. आमच्या टोळीची मुकादम गिरजा समोरच बसली होती. ती म्हणाली, "भाषण लय मस्त झालं वं बेबे. आता चहा पाज." सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं करणार काय.

पण घरी येऊन विचार केला की तोंड चालत नाही तर हात चालतात ना. वेचणाऱ्या बाईची बोटं डोळ्यांपेक्षा हुशार असतात. कापसात काडी आहे, पान आहे, की किडक्या बोंडाचा पिवळा कापूस, कवडी, आली आहे, हे ती न बघता सांगते. मी जुन्या पोलक्याच्या कापडाची एक गोल उशी शिवली, वीतभर. आत कापूस ठासला. वरच्या अंगाला एक सरकी ठेवली, मध्ये तुरीचा दाणा आणि अगदी खाली, जिथे कोणी दाबत नाही तिथे, एक कच्चं बोंड. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कडुलिंबाखाली ती उशी गिरजाच्या मांडीवर टाकली. म्हटलं, "आत काय आहे, सांग."

गिरजा तिशीपासून टोळी चालवते. कोणतं काम आपल्याला जमत नाही हे तिला चालत नाही. तिनं भाकर बाजूला ठेवली. "सरकी," म्हणाली. मग, "तूर." मग थांबली. तिच्या हातातून उशी दुसरीनं ओढली, तिच्याकडून तिसरीनं. गलका झाला. खालचं बोंड शेवटी एका म्हातारीला सापडलं. तेव्हा मी म्हटलं, "माझं असं होतं. बोंडाएवढं. दुखत नव्हतं." एवढंच भाषण. ते पूर्ण झालं.

तेव्हापासून ती उशी माझ्याबरोबर फिरते. पुलगावला, जामला, जिथे सिस्टर नेतात तिथे. मी उशी देते आणि गप्प बसते. बाकी बाया बोलतात.

बायांना दवाखान्यात न्यायचं म्हणजे गाडी लागते, आणि त्यासाठी कोणाकडे हात पसरणं मला जमलं नसतं. मी एक रिकामं पोतं धुतलं आणि लिंबाच्या खालच्या फांदीला टांगलं. वावराचे मालक म्हणजे रिटायर झालेले मास्तर. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी काही बोलायच्या आत गिरजाच म्हणाली, "बायांच्या दवाखान्याचं आहे मास्तर. शेवटचा वेचा झाल्यावर झाडावर जो कापूस राह्यते, तो याच्यात. तो इकून गाडीचं भाडं." वेचणी संपल्यावर राहिलेला कापूस गोळा करणं, त्याला सरवा म्हणतात. मास्तर म्हणाले, "सरवा कशाला? प्रत्येक तासाचं शेवटचं झाड तुमचं." तेव्हापासून तासाच्या टोकाला पोचलेली बाई शेवटच्या झाडाचा कापूस पोत्यात टाकते. कोणी टाकला, कोणी नाही, मी बघत नाही. मला फक्त संध्याकाळी पोत्याला बाहेरून हात लावून बघायची सवय आहे. आज भरलं का, किती भरलं.

आता गेल्या हंगामाचं.

दुसरा वेचा होता. धुकं इतकं की पाच झाडांपुढचं दिसत नव्हतं. माझ्या उजव्या अंगाला, दोन तास सोडून, एक बाई वेचत होती. ओटी उजव्या खांद्यावर. मी मनात म्हटलं, ही कोण नवी? आपल्याकडे उजव्या खांद्याच्या तिघी, आणि त्या तिघीही पलीकडे आहेत. तेवढ्यात त्या बाईनं ओरडून पुढच्या पोरीला शिवी दिली, "डोळे घरी ठेवून आली काय वं! अर्धं बोंड झाडावरच!"

आवाज गिरजाचा होता. बांधणी दुसऱ्याच कोणाची.

माझे हात थांबले. गिरजाला मी पंचवीस हंगाम डाव्या खांद्यानं बघितलं आहे. आता तुम्ही म्हणाल, लगेच जाऊन विचारायचं. मी तीन दिवस विचारलं नाही. जामच्या अनोळखी बायांपुढे उशी ठेवणं सोपं होतं. गिरजाला विचारणं म्हणजे उत्तर ऐकणं. तीन दिवस मी तिच्या खांद्याकडे बघत राहिले. पट्टा पुन्हा डावीकडे जाईल, पाठ दुखत असेल, सदरा उसवला असेल. प्रश्न मला नेहमी सुचतात, तसे त्या तीन दिवसांत उत्तरंच सुचत होती. सगळी सोयीची.

चौथ्या दिवशी पाणी प्यायला ती लिंबाखाली एकटी आली, तेव्हा विचारलं.

"गिरजे, खांदा काऊन बदलला?"

"काचते वं," ती म्हणाली आणि तांब्या तोंडाला लावला.

माझाच शब्द. मी तिचा हात धरला. आयुष्यात कधी कोणाचा असा धरला नव्हता. "हाताला काही लागते काय?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "तुले सगळ्यायच्या छातीत सरकीच दिसून राह्यली. सोड हात."

"गिरजे, लागते काय?"

"लागते," ती हळू म्हणाली. आणि लगेच मोठ्यानं, "लागते तं लागते. वेचा होऊ दे. संक्रांतीनंतर पाहू."

"मीही असंच म्हटलं होतं."

"तू एकटी होती. माह्या मागे वीस बाया आहेत. मी एक दिवस नाई आली तं दुसरा मुकादम टोळी पळवते. मंग काय खाऊ?"

खोटं काही ती बोलत नव्हती. मी तिचा हात सोडला. ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"एक सांग बेबे. सहा वर्षं झाले, पण कोणी विचारलं नाई तुले, मीही नाई. आता विचारते. दाखव मले. काय केलं त्यायनं ते एकदा दाखव. मंग सांगते येते का नाई."

मी नवऱ्यालाही उजेडात दाखवलं नव्हतं. बहीण आली होती तेव्हा पाठ करून पोलकं बदललं होतं. गिरजा बघत उभी होती. तिच्या तोंडावर तेव्हा टिंगल नव्हती. त्या यंत्राच्या नळीला डोळा लावताना माझं तोंड जसं झालं असेल, तसं तिचं होतं. ज्या गोष्टीची भीती वाटते ती कशी दिसते, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. मला त्या डॉक्टरीणबाई आठवल्या, स्टूल ओढून बसलेल्या.

"चल," मी म्हटलं.

आम्ही तुरीच्या तासांत गेलो. तूर तेव्हा पिवळ्या फुलावर होती, डोक्यापेक्षा उंच. आत गेलं की बाहेरचं कोणाला दिसत नाही, फक्त मधमाश्या. मी सदऱ्याची बटणं काढली, मग पोलक्याची. ज्वारीची पिशवी काढून हातात धरली. थंडी होती, अंगावर काटा आला. मी डोळे मिटले नाहीत. मला तिचं तोंड बघायचं होतं.

गिरजानं बघितलं. काखेपासून मध्यापर्यंत आडवी गेलेली ती रेघ, कणीक लाटताना मध्ये बोट ओढावं तशी. तिनं एक बोट पुढे केलं. "लावू?"

"लाव."

तिचं बोट खडबडीत, थंड. रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, हळूहळू. कापसातली काडी शोधावी तसं.

"दुखते?"

"नाही."

"खाज?"

"पावसाळ्यात येते."

"बस?" गिरजा म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच."

तिनं सुस्कारा सोडला. "मले वाटलं, भोक असन." मग माझ्या हातातली पिशवी घेतली, हलवून बघितली. "हे काय?"

"ज्वारी."

"माय वं! आणि आम्ही समजत होतो, दवाखान्यातून इलायती काही आणलं!" ती हसायला लागली. मलाही हसू आलं. उघड्या अंगानं, तुरीत, मधमाश्यांमध्ये दोघी इतक्या हसलो की बाहेरून कोणीतरी ओरडलं, "काय झालं वं तिकडे?" गिरजानं माझी बटणं लावली. स्वतः लावली, वरपासून खालपर्यंत, लहान पोरीची लावतात तशी. शेवटचं बटण लावून म्हणाली, "उद्या सकाळची गाडी पाह्य."

संध्याकाळी तिनं बायांना एका जागी बोलावलं आणि जे होतं ते सांगितलं. तिला बोलायची लाज कधीच नव्हती. "मी नसताना जे दुसऱ्या टोळीत जाईन, तिले येऊन चपलेनं मारीन," म्हणाली. कोणी गेलं नाही. ती दवाखान्यात असायची त्या दिवशी संध्याकाळी पोत्याला हात लावला की कळायचं, आज शेवटचं एकच झाड नाही, शेवटची दोन-तीन झाडं आत गेली आहेत. मास्तरांनाही दिसत असणार. ते पोत्याकडे पाठ करून वजनं लिहायचे.

तेच निघालं. पण लहान होतं, तुरीच्या दाण्याएवढं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढंच काढू, बाकी राहू देऊ. गिरजानं त्यांना विचारलं, "काढलेलं मले पाह्याले भेटन काय? हिले दाखवलं होतं म्हणे." त्या माझ्याकडे बघून हसल्या. नंतर गिरजानं नळीला डोळा लावला. मग म्हणाली, "निंदाले पाहिजे होतं." मी तिला वावराचं काही सांगितलं नव्हतं.

पुढचे महिने सोपे नव्हते. औषधाच्या दिवसांत तिच्या तोंडची चव गेली, केस गेले. उन्हाळ्यात ती माझ्या दारात डोक्याला फडकं बांधून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या द्यायची. शिव्या कमी झाल्या की मला काळजी वाटायची.

परवा यंदाचा पहिला वेचा होता. मास्तरांच्या घरच्यांनी रीतीप्रमाणे पाच झाडांना दहीभात ठेवला. मग सगळ्याजणी ओट्या बांधायला लागलो. गिरजा आली. केस बोटभर वाढले आहेत, पोराच्या केसांसारखे उभे. तिनं ओटी उघडली आणि सगळ्यांचे हात थांबले. कोणी मान वर करत नव्हतं, पण सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"काय पाहून राह्यल्या वं?" गिरजा म्हणाली. "खांद्याले ओझं नाई द्यायचं म्हणते डॉक्टरीणबाई." आणि तिनं ओटी नुसती कमरेला गुंडाळली, लहान, मूठभर कापूस मावेल एवढी. "मी टोकाची झाडंच वेचीन. पोत्याची."

धुकं उतरलं. आम्ही तास धरले. यंदा एक नवी सून टोळीत आली आहे, लग्न होऊन सहा महिने झालेली. ती माझ्या शेजारच्या तासात होती. उन्हं वर आली तशी तिनं थांबून ओटी सोडली आणि डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली. मी तोंड उघडायच्या आत वावराच्या टोकावरून आवाज आला, सगळ्या टोळीवरून, मास्तरांच्या बांधापर्यंत जाईल असा:

"ए पोरी! खांदा काऊन बदलला?"

पोरगी दचकली. सगळ्या तासांतून डोकी वर झाली. मला जे विचारायला तीन दिवस लागले होते ते असं उन्हात, सगळ्यांसमोर, एका दमात विचारून झालं होतं.

"नवं पोलकं आहे काकू," ती लाजून म्हणाली. "हुक टोचून राह्यला."

सगळ्या हसल्या. गिरजा हसली नाही. "हुक टोचते का दुसरं काही, ते सुट्टीत पाहू. बेबे, उशी आणली ना?"

आणली होती. दुपारी भाकरी खाऊन आम्ही तिघी तुरीच्या तासांत गेलो. आधी मी बटणं काढून दाखवलं, कारण गिरजापासून आता ती रीतच झाली आहे. मग त्या पोरीनं डोळे मोठे करून बघितलं, मग उशी दाबली, सरकी शोधली, तूर शोधली, आणि मग स्वतःची बोटं सिस्टर शिकवतात तशी गोल फिरवून स्वतःला चाचपून बघितलं. गिरजा कमरेवर हात ठेवून उभी होती. मी तिचा सदरा हातात धरून उभी होते.

हुकच होता.